कपिलधारच्या रानात सहकुटुंब मुक्काम

आपल्या घरांतली माणसे मुक्कामाला बाहेर पडतात ती ठरावीक कारणांनीच. अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. नाहीतर मग दसरा उलटला की कोयता घेऊन ऊस तोडायला. निव्वळ आनंदासाठी, मुलाबाळांना घेऊन, रानात एक रात्र काढायची असे कोणी म्हटले की वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. हे शिकल्या-सवरलेल्या, खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचे चोचले, आपल्याला कुठले परवडायला, असा एकूण सूर असतो.

या सुराशी आमचे पटत नाही. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात, भाद्रपद पौर्णिमेच्या आधीची दोन सुट्यांची संधी साधून, बीड शहरातली आम्ही चार कुटुंबे कपिलधारच्या रानात मुक्कामाला गेलो. लहानथोर मिळून २२ माणसे. त्यांत एक शिक्षक, एक एसटीतले वाहक, दोन घरे बांधकामावर आणि हंगामात ऊसतोडीला जाणारी. अनुभव सांगण्यासारखा आहे, आणि त्यातले काही भांडण्यासारखेही आहे.

डोंगर, धबधबा आणि देऊळ

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. हा बालाघाटचा डोंगर. तिथून आत वळले की थोड्याच अंतरावर कपिलधार. बीड जिल्हा पावसाच्या छायेतला. उन्हाळ्यात हे डोंगर तांब्याच्या घंगाळासारखे तापलेले दिसतात. पण पाऊस बरा झाला की याच डोंगरातून पाणी खाली कोसळते आणि पंधरा दिवसांत सगळा उतार हिरवा होतो. पळस, धावडा, आपटा, बोरी-बाभळी आणि जिकडेतिकडे सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच खडकाळ जमिनीच्या जोरावर. आम्ही गेलो तेव्हा फळे कच्ची होती. मुलांनी तरी दोन-चार तोडून खिशात घातलीच.

कपिलधार प्रसिद्ध आहे ते वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. 'परमरहस्य' हा त्यांचा मराठी ग्रंथ. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही दिंड्या पायी येतात आणि माणसे डोंगराच्या कुशीत राहुट्या-पालं ठोकून राहतात.

इथे आमच्यातल्याच एका तरुणाने शंका काढली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, देवस्थानच्या ठिकाणी का जायचे? शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की आम्ही नवसाला गेलो नव्हतो, रानाला आणि पाण्याला गेलो होतो, आणि डोंगर काही कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. शिवाय ज्या परंपरेतून मन्मथस्वामी आले तिचे मूळ बाराव्या शतकातल्या बसवण्णांपर्यंत जाते. कल्याणात चांभाराच्या मुलाचे ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न लागले आणि त्यापायी दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा झाली, ही हरळय्या आणि मधुवरसाची हकिगत आपल्या मुलांना माहीत असायला हवी. देवळापुढून जाताना आम्ही आवाज खाली केले, चपला वाटेत पसरल्या नाहीत, आणि पुढे गेलो. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी एवढे पुरे.

मुक्काम मात्र देवस्थानात केला नाही आणि वनखात्याच्या जंगलातही केला नाही. वरच्या अंगाला ओळखीच्या एका शेतकऱ्याचे पडीक रान होते, तिथे परवानगी घेऊन उतरलो. घराजवळ संडास होता, ही त्या जागेची सगळ्यांत मोठी सोय. सहलीचे बेत करणारे पुरुष याचा विचार शेवटी करतात. आमच्या भगिनींना तो पहिल्यांदा करावा लागतो. रात्री कुठे जायचे, किती लांब, अंधारात कोण सोबत येणार, या प्रश्नाचे उत्तर नसेल तर बाईमाणसाने अशा सहलीला स्पष्ट नकार द्यावा.

"आम्ही तर सहा महिने कोपीतच असतो"

निघण्याआधी आठ दिवस आमच्यातल्या एका ताईंनी चांगलेच सुनावले होते. त्या आणि त्यांचे यजमान दरसाल उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. त्या म्हणाल्या, "सहा महिने कोपीतच असतो की आम्ही. पहाटं तीनला उठायचं, थंडीत फडात जायचं, लेकरं पाचटावर निजवायची. आता हौसेनं पुन्हा उघड्यावर निजायचं व्हय? तुमची हौस तुम्हीच करा."

आम्ही गप्प बसलो, कारण बोलणे खरे होते. बीड जिल्ह्यातून दर दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी अशीच निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. कारखान्याच्या माळावर बांबूच्या कामट्या वाकवून, वरून कागद किंवा ताडपत्री टाकून कोपी उभी करायची. पाणी लांब, दिवा नाही, आडोसा नाही. पोरांची शाळा बुडते. साखरशाळा निघाल्या, पण सगळ्यांपर्यंत पोचल्या नाहीत. ज्याला आकाशाखाली झोपणे नशिबी आलेले आहे त्याला आकाशाखाली झोपण्याची मौज सांगणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही.

मग त्याच ताई आल्या कशा? त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने हट्ट धरला म्हणून. आणि त्यांनी एक अट घातली: "येते, पण चुलीला हात लावणार नाही."

अट मान्य झाली. खरे तर ही अट चारही घरांतल्या स्त्रियांनी लगेच उचलून धरली. आपल्या समाजातल्या सहली आम्ही पाहिलेल्या आहेत. पुरुष झाडाखाली पत्ते कुटतात, मुले हुंदडतात आणि बायका तीन दगडांच्या चुलीपुढे धुरात डोळे पुसत पन्नास भाकऱ्या थापतात. घरी पाटा-वरवंटा तोच, रानातही तोच. १९४२ साली नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे सांगितले होते की बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. ती बरोबरी सहलीच्या दिवशीही पाळायची असते, हे सांगायला कोणी पुढारी यायला नको.

भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून नेली होती. खिचडी पुरुषांनी रांधली. ती खाली लागली आणि वर कच्ची राहिली. सगळ्यांनी खाल्ली. वाहकसाहेबांनी मात्र चहा उत्तम केला, हे नमूद करणे भाग आहे.

तयार तंबू आणि ताडपत्री

कल्याणहून आलेल्या एका पाहुण्यांनी दुकानातून तयार तंबू आणला होता. निळा, घडीचा, बारीक नळ्यांचा. तो उभा करायला तीन शिकलेल्या माणसांना पाऊण तास लागला. नळ्या चुकीच्या खोबणीत गेल्या, मग माहितीचा कागद शोधला, तो इंग्रजीत. तेवढ्या वेळात त्या ताईंच्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी दोन मोठ्या ताडपत्र्यांची तीन खोपटी उभी केली होती. उताराच्या वरच्या बाजूने चर खणला, माती आतल्या अंगाला ओढली, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवले, ताडपत्रीच्या कडेला दगड बांधून ओळंबे सोडले.

रात्री अकराला सर आली. निळ्या तंबूत खालून पाणी शिरले, कारण तो बरोबर पाण्याच्या वाटेवर लावला होता. ताडपत्रीखालचे सगळे कोरडे. मध्यरात्री कल्याणचे पाहुणे गादी काखेत मारून खोपटात आले, तेव्हा त्या मुलाने सरकून जागा दिली आणि म्हणाला, "काका, पुढच्या टायमाला मला विचारून जागा धरा." सकाळी सगळ्या मुलांनी त्याच्याकडून गाठी मारायला शिकून घेतल्या. शाळेत जो मुलगा सहा महिने गैरहजर म्हणून मागे पडतो, तो इथे सगळ्यांचा मास्तर होता. त्याची आई हे दुरून बघत होती. काही बोलली नाही, पण नंतर रात्रभर खोपटाच्या तोंडाशी बसून ती इतर बायकांना फडातल्या गोष्टी सांगत होती, आणि तेव्हा तिच्या बोलण्यात कुरकुर नव्हती.

पौर्णिमेची गोष्ट

पाऊस थांबल्यावर ढगांतून चांदणे पडले. झोप मोडलेलीच होती, म्हणून मुलांना भाद्रपद पौर्णिमेची गोष्ट सांगितली. या पौर्णिमेला मधुपौर्णिमा म्हणतात. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये तंटा लागला, भगवान बुद्धांनी समजावले तरी मिटेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले आणि वर्षावास तिथे केला. हत्तीने त्यांची सेवा केली, माकडाने मधाचे पोळे आणून दिले, अशी ही कथा.

मुलांना हत्ती-माकडापेक्षा भांडणात जास्त रस. भांडण कशावरून झाले? तर संडासच्या भांड्यात एकाने उरलेले पाणी तसेच ठेवले यावरून! मुले हसून लोळली. शेवटी तंटा मिटवला तो कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. त्यांनी भांडखोर भिक्खूंना भिक्षा घालणेच बंद केले. "बरं केलं," एक आजी म्हणाल्या. आपल्याकडच्या एका विहाराच्या समितीचे नाव कोणीतरी पुटपुटले, ते आम्ही इथे लिहीत नाही.

बुद्धांचा जन्म लुंबिनीच्या वनात, बोधी पिंपळाखाली, पहिले प्रवचन मृगदायवनात, महापरिनिर्वाण सालवृक्षांखाली. धम्मात तेरा धुतांगे सांगितली आहेत. त्यांत रानात राहणे, झाडाखाली राहणे, उघड्या आकाशाखाली राहणे ही तीन आहेत. ती सर्वांना सक्तीची कधीच नव्हती. ज्याला साधेल त्याने स्वेच्छेने करावीत. स्वेच्छेने हा शब्द आम्हाला इथे फार मोलाचा वाटतो. कोपीत आणि आमच्या खोपटात फरक ताडपत्रीचा नव्हता.

पाणी

सकाळी शेतकरीदादांनी विहिरीवरची मोटार चालू केली आणि "बिनघोर भरा" म्हणाले. आमच्यातल्या सत्तरी उलटलेल्या आजी पाइपाच्या तोंडाशी जाऊन ओंजळीने पाणी प्याल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी गावात पाणी वरून ओतत, ओंजळ खाली धरून उभे राहायचे, आणि ओतणाऱ्याची मर्जी असेपर्यंत थांबायचे. एवढेच बोलून त्या अंघोळीला गेल्या.

१९०१ सालच्या सुमारास नऊ-दहा वर्षांचे भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीच्या मुलांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. रात्र टोलनाक्याच्या झोपडीशी काढावी लागली. शिदोरी भरलेली होती. पण कोणी पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरत नाही म्हणून ती लेकरे उपाशी झोपली. बाबासाहेबांचा उघड्यावरचा मुक्काम असा होता.

पुढे १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी हौसेने सहल काढली. वेरूळची लेणी पाहायचीच असे ठरले होते. बाबासाहेबही बरोबर होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी प्रवासाची धूळ धुतली, तर हौद बाटवला म्हणून जमाव चालून आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो हत्यारी शिपाई बरोबर देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. महाडचे चवदार तळे होऊन सात वर्षे झाली होती, तरी ही स्थिती. या आठवणी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपाने काढल्या. सहलीला जाण्याआधी घरात एकदा वाचून काढाव्यात.

तिकडे अमेरिकेत

कल्याणच्या पाहुण्यांचा मेहुणा अमेरिकेत असतो. त्यांच्याकडून तिथल्या रानातल्या मुक्कामांचे वर्णन ऐकले. तिथे सरकारी उद्यानांत झाडीमध्ये प्रत्येक कुटुंबाला क्रमांक घातलेली जागा देतात. लाकडी टेबल, जाळासाठी लोखंडी कडे, जवळ पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. रात्री दहाच्या सुमारास गोंगाट बंद. साधी नोकरी करणारी माणसेही थोड्या पैशांत मुलांना घेऊन दोन-चार दिवस राहतात. आमच्या मंडळींना हे फारच भावले.

पण हे सुख तिथेही सर्वांना सारखे नव्हते. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्या लोकांसाठी लुईस माउंटन नावाची वेगळी जागा काढली होती, म्हणजे आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्यासारखीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भेद हटू लागला आणि १९५० पर्यंत संपला. साउथ कॅरोलायना राज्याने तर कमाल केली. काळ्यांना प्रवेश द्यावाच लागेल असा न्यायालयाचा निकाल आल्यावर १९६३ साली त्यांनी सगळी राज्य उद्यानेच बंद केली! तुम्हाला नाही तर कोणालाच नाही. पुढच्या वर्षी उघडली तीही आधी अर्धवट. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले एक टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी पुस्तक काढले होते, कुठे राहू देतात, कुठे जेवू घालतात याची यादी. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागूनच आहे. तसे पुस्तक आपल्याकडे कोणी छापले नाही, पण प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यांना ती यादी तोंडपाठ होती.

आम्हालाही वाटेत एका टपरीवर आडनाव विचारले गेले. नववीतल्या मुलीने ते खणखणीत सांगितले आणि वर "जयभीम" म्हटले. चहा आला, सगळ्यांना सारख्याच पेल्यात आला. तरी विचारणे व्हायचे थांबलेले नाही, एवढे लिहून ठेवतो.

मोर, साप आणि इतर सावधगिरी

पहाटे मोरांच्या केका ऐकू आल्या. जवळच पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली घोषित झालेले. तिथे सकाळी लवकर जावे, मात्र परवानगीवाचून आत रात्र काढू नये. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात लिहिले आहे की राजाच्या स्वयंपाकघरात आता रोज दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग आधी किती मारत होते?" आधी लाखांनी प्राणी मारले जात, असे तोच शिलालेख सांगतो. स्वतःच्या घरातली चूक दगडावर कोरून ठेवणारा राजा आम्हाला दुसरा माहीत नाही.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारचा धोका असतो. तिचा दंश दुखत नाही, त्यामुळे झोपेत कळतही नाही. खाट मिळाली तर उत्तम, नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, तडक सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथेच मिळते. धबधब्याच्या दगडांवर शेवाळ असते, वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी एकदम वाढते, तेव्हा मुलांना धारेखाली सोडून मोठ्यांनी गप्पा मारत बसू नये. विजा चमकू लागल्या तर एकट्या झाडाखाली थांबू नये. २०२० साली नोव्हेंबरात आपल्याच आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती. म्हणून लहान मुले रात्री मधोमध निजवावीत आणि बाहेर जाताना दोघांनी मिळून जावे. जंगलात जाळ करणे गुन्हा आहे. शेतात केला तर निघताना पाणी ओतून, हात लावून गार झाल्याची खात्री करावी.

कचऱ्याबद्दल काय लिहावे! थर्माकोलच्या पत्रावळींवर २०१८ सालापासून राज्यात बंदी आहे, तरी ओढ्याच्या काठी त्या सापडल्याच. मुलांनी दोन गोण्या भरल्या. त्यातला एकही तुकडा आमचा नव्हता, पण उचलताना कोणाचे काही अडले नाही.

खर्च माणशी दोनशे रुपयांच्या आत आला. टेंपोचे भाडे, तांदूळ-डाळ आणि शेतकरीदादांच्या घरी नेलेला खाऊ, एवढाच. ताडपत्र्या घरच्याच होत्या. दिवाळीनंतर त्या पुन्हा ताईंबरोबर कारखान्यावर गेल्या.

पुढच्या पावसाळ्याचा बेत ठरला आहे. ताईंनी आताच कळवून ठेवले आहे की स्वयंपाक पुरुषांनीच करायचा, मात्र खिचडी सोडून दुसरे काहीतरी शिकून या.